नोकरी जातेय, डिग्री नाही: आधी कुठले कागद, मग कुठलं काम

कंपनी बंद होणार, लाइन गुजरातला हलणार, कंत्राटदाराचं कंत्राट संपणार, अशी कुणकुण लागली की मनात पहिला प्रश्न येतो, आता दुसरी नोकरी कुठे? रबाळे घ्या, महापे, तळोजा, वागळे इस्टेट, अंबरनाथ, कुठलीही एमआयडीसी घ्या, दहावी-बारावीवर थांबलेली पंचविशीतली मुलं-मुली हाच प्रश्न घेऊन येतात. माझं म्हणणं असं की त्याच्याआधी एक प्रश्न आहे: ही नोकरी जाताना तुमच्या हातात काय काय पडणार आहे? पुढचे काही महिने घर त्यावरच चालणार आहे. नवं काम शिकायला लागणारा वेळही त्याच पैशातून निघतो. हातात पैसे नसलेला माणूस समोर येईल ते पहिलं काम धरतो आणि बहुतेक वेळा ते आधीपेक्षा हलकं असतं.

म्हणून आधी जाणाऱ्या नोकरीचं बोलू.

राजीनाम्यावर सही करण्याआधी

पद्धत साधारण ठरलेली असते. एचआरच्या केबिनमध्ये एकेकाला बोलावतात. टेबलावर टाइप केलेला कागद तयार असतो: "मी वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." नाव आणि टोकन नंबर भरलेला, सहीची जागा तेवढी रिकामी. समोरचा माणूस गोड बोलतो. राजीनामा दिलास तर रेकॉर्ड स्वच्छ राहील, हिशेब लगेच होईल, अनुभवाचा दाखला चांगला देऊ. बाहेर बाकीचे उभे असतात, विचार करायला वेळ नसतो, घरी फोन करायची सोय नसते. मुलगा सही करून मोकळा होतो.

ती सही किती रुपयांची असते ते बघा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. कामगार कपातीबद्दलचा मूळ नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होता, तोच आता औद्योगिक संबंध संहितेत आहे. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला (कायदा २४० दिवसांची हजेरी धरतो) कपातीत काढायचं असेल तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढ्या दिवसांचं वेतन द्यावं लागतं. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचं सरासरी वेतन भरपाई म्हणून द्यावं लागतं. नव्या संहितेत आणखी एक भर पडली आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचं वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचं आणि ती रक्कम ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. नवं काम शिकण्यासाठीच ही रक्कम ठेवलेली आहे.

समजा सहा वर्षं नोकरी झाली आणि वेतन १८,००० रुपये आहे. नोटिशीचे १८,०००. भरपाई पंधरा दिवसांचे साधारण ९,००० धरून सहा वर्षांचे ५४,०००. पुनर्कौशल्याचे ९,०००. ग्रॅच्युइटी (बरीच वर्षं नोकरी केल्याबद्दल जाताना मिळणारी रक्कम) १८,००० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ६, म्हणजे सुमारे ६२,३००. एकूण १,४३,००० च्या वर. आता त्याच माणसाने राजीनामा दिला तर? पाच वर्षं झालेली असल्यामुळे ग्रॅच्युइटी मिळेल, बाकी काहीच मागता येणार नाही. ८१,००० रुपये एका सहीत गेले. इथे एक लक्षात ठेवा, वेतन म्हणजे पगारपत्रकातला सगळ्यात खालचा आकडा नव्हे. मूळ पगार आणि महागाई भत्ता त्यात धरतात. बाकीचे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील तर वरचा भागही वेतनातच मोजायचा, असं नवी व्याख्या सांगते. म्हणून आपलं पगारपत्रक एकदा नीट वाचून ठेवा.

समोर कागद आलाच तर काय करायचं? "घरी दाखवून उद्या देतो" एवढंच म्हणायचं आणि उठायचं. भांडायची गरज नाही. मोबाइलवर कागदाचा फोटो काढता आला तर काढायचा. कपातच करायची असेल तर लेखी पत्र द्या, असं नम्रपणे मागायचं. आधीच सही झाली असेल, तीही दबावाखाली, तरी सगळं संपलं असं नाही. ठाण्यात कामगार उपायुक्तांचं कार्यालय आहे, तिथे लेखी तक्रार करता येते, ते दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवायचा प्रयत्न करतात. मात्र थांबू नका. काढून टाकल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते आणि जितका उशीर तितके साक्षीदार पांगतात.

"मी तर कंत्राटी, मला काय मिळणार?" हे वाक्य मी फार वेळा ऐकतो आणि प्रत्येक वेळी वाईट वाटतं, कारण बोलणाऱ्याने हक्क आधीच सोडून दिलेला असतो. कंत्राटी कामगाराचा मालक कंत्राटदार असतो आणि कपातीचा नियम त्यालाही लागू आहे. अडचण पुराव्याची असते. कंत्राटदार दोन-तीन वर्षांनी नाव बदलतो, पगारपत्रक देत नाही. म्हणून नोकरी चालू असतानाच जमवायचं: पीएफच्या पासबुकची प्रत (त्यात प्रत्येक महिन्याची भरणा आणि आस्थापनेचं नाव येतं), ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर, गेटपासचा फोटो, पगार जमा झाल्याचं बँकेचं विवरण, सुपरवायझरने शिफ्ट लावल्याचे मेसेज. नोकरी गेल्यावर गेट बंद होतं आणि कंपनीचा ग्रुपही बंद होतो, मग यातलं काही मिळत नाही.

ठरावीक मुदतीवर घेतलेल्यांचं वेगळं आहे. करार संपला म्हणून नोकरी गेली तर ती कपात धरत नाहीत. पण नव्या संहितेप्रमाणे अशा कामगाराला एक वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी लागू होते, पाच वर्षं थांबायची गरज नाही. हे अजून खूप जणांना माहीत नाही आणि कंपन्या आपणहून सांगतीलच असं नाही.

ईएसआय कापला जात असेल (महिना २१,००० पर्यंत वेतन असणाऱ्यांचा कापतात, कामगाराकडून ०.७५ टक्के) तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना माहीत हवी. ही २०१८ ची योजना. बेरोजगार झालेल्या विमाधारकाला सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम जास्तीत जास्त ९० दिवस मिळते, आयुष्यात एकदाच. योजनेची मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आलंय, म्हणून आपल्या भागातल्या ईएसआय शाखा कार्यालयात जाऊनच चौकशी करा. शिक्षा म्हणून काढलेल्याला किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेल्याला ती मिळत नाही. म्हणजे "वैयक्तिक कारणास्तव" लिहिलेला तो कागद इथेही आडवा येऊ शकतो.

आणि पीएफ. नोकरी गेली की पहिली नजर पीएफवर जाते, हे समजण्यासारखं आहे. पण सगळा पीएफ उपसण्याआधी पेन्शनच्या भागाचं गणित समजून घ्या. पेन्शनचा हक्क मिळायला एकूण दहा वर्षं सेवा लागते. सहा वर्षं झालेली असताना पेन्शनचाही भाग काढून घेतला तर ती सहा वर्षं पुसली जातात, पुढच्या नोकरीत पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. त्याऐवजी नव्या नोकरीत तोच यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) द्या आणि खातं वर्ग करून घ्या. कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्ही स्वतः पोर्टलवर भरू शकता. आधार, बँक खाते आणि वडिलांचं नाव सगळीकडे एकसारखं आहे का, हे आजच तपासा. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने लोकांचे पैसे महिनोन्महिने अडकतात.

आजारपणाचं विसरू नका. नोकरीबरोबर ईएसआयचं छत्र जातं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या रेशनकार्डधारक कुटुंबांसाठी खुली आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. घरातल्या सगळ्यांची नावं रेशनकार्डावर आहेत ना, एवढं बघून ठेवा.

परवान्याची कामं

आता पुढचं काम. माझं मत सरळ आहे. डिग्री नसलेल्या तरुणाने अशी कामं शोधावीत जिथे कायदाच सांगतो की परवाना किंवा प्रमाणपत्र असल्याशिवाय माणसाला कामाला हात लावू देऊ नका. अशा ठिकाणी मालकाला हवा तो माणूस घेता येत नाही, परवानाधारक घ्यावाच लागतो. म्हणून तिथे पगार टिकतो, वयाबरोबर वाढतो आणि कंपनी बंद झाली तरी परवाना तुमच्याबरोबर येतो. गोदामात पॅकिंग, मॉलमध्ये सेल्स, कॉल सेंटर, या कामात काही वाईट नाही, पण तिथे तुमच्या जागी उद्या दुसरा बसवायला एक आठवडा पुरतो.

आपल्या पट्ट्यात अशी कामं कुठे आहेत ते बघा. एमआयडीसी १९६२ साली स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. त्यानंतर ठाणे-बेलापूर रस्त्यावर रसायनं, औषधं, इंजिनिअरिंगचे कारखाने उभे राहिले. त्यातले कितीतरी आज नाहीत. त्या जागांवर ऐरोली, रबाळे, महापे भागात आयटी पार्क आणि डेटा सेंटर आलीत, घोडबंदर रोडला तीस-चाळीस मजली इमारती, भिवंडीला गोदामं. उरणला न्हावा-शेवा बंदर आहेच आणि २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानं उडू लागली. कारखाना गेला म्हणून यंत्रं सांभाळणाऱ्याची गरज गेली नाही, ती दुसऱ्या इमारतीत गेली. डेटा सेंटरमध्ये हजारो सर्व्हर रात्रंदिवस चालतात. त्यांना अखंड वीज लागते आणि अखंड गारवा लागतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जनरेटर, यूपीएस, बॅटऱ्या, चिलर आणि ते बघणारी तीन शिफ्टमधली माणसं. त्यातले सगळे काही इंजिनिअर नसतात. पाळीवर उभे राहणारे बरेचसे वीजतंत्री आणि एसी मेकॅनिक असतात.

आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. तारतंत्री म्हणजे वायरमन हाही दोन वर्षांचा. त्यानंतर राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना काढायचा. तो परवाना हातात असला की सोसायटी, हॉस्पिटल, मॉल, डेटा सेंटर, कुठेही दार उघडं असतं. परवाना नसलेला माणूस तेच काम "हेल्पर" म्हणून निम्म्या पैशात करतो.

एसीच्या कामाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्यात सध्या खरी संधी दिसते. जुन्या एसीत आर-२२ गॅस असायचा. ओझोनच्या थराला त्याने धोका असल्यामुळे भारतात तो २०३० पर्यंत बंद व्हायचा आहे. आता नव्या घरगुती एसीत मोठ्या प्रमाणावर आर-३२ येतो. हा गॅस थोडासा ज्वलनशील आहे, म्हणून जुन्या सवयीने काम करून चालत नाही. तांब्याच्या नळीचं टोक फ्लेअरिंग टूलने नीट पसरवायचं, कड चिरता कामा नये. नट हाताने बसवून मग टॉर्क पान्याने ठरावीक ताणापर्यंतच आवळायचा. व्हॅक्यूम पंप लावून नळीतली हवा आणि ओलावा पूर्ण काढायचा, मगच गॅस सोडायचा. घाईतला माणूस पंप लावतच नाही, थोडा गॅस सोडून त्याच्या जोरावर हवा बाहेर ढकलतो. आर-३२ बरोबर हे धोक्याचंही आहे आणि मशीनचं आयुष्य कमी करणारंही. वीस वर्षं काम केलेल्या कितीतरी जुन्या मेकॅनिकना ही सवय बदलणं जड जातं. जो मुलगा आज नव्या पद्धतीने शिकतो, त्याला कंपन्यांची सर्व्हिस सेंटर्स घेतात. घोडबंदर किंवा खारघरच्या एका टॉवरमध्ये किती एसी असतात याचा विचार करा. मार्च ते जून कामाला माणसं पुरत नाहीत. पावसाळ्यात काम उतरतं, तेव्हा सोसायट्यांची वार्षिक देखभालीची कंत्राटं असली की घर चालतं.

तळोजा, महापे, डोंबिवली या भागातल्या रासायनिक कारखान्यांसाठी आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. बॉयलरवर तर प्रमाणित बॉयलर अटेंडंट असल्याशिवाय बॉयलर चालवताच येत नाही. ते प्रमाणपत्र राज्याच्या बाष्पके संचालनालयाची परीक्षा देऊन मिळतं. कारखान्यात आधीपासून बॉयलर हाउसमध्ये हेल्पर असाल तर तिथल्या अनुभवाचा दाखला लेखी घेऊन ठेवा, परीक्षेच्या अर्जाला तो लागतो. कंपनी बंद झाल्यावर दाखला देणारा माणूसच सापडत नाही.

लिफ्टचं कामही असंच वाढतं आहे. वेगळं सांगायला नको, जिथे चाळीस मजले तिथे लिफ्टशिवाय घर नाही.

चाकावरची कामं

गाडी चालवण्याकडे लोक शेवटचा पर्याय म्हणून बघतात. मला ते पटत नाही. फक्त कुठली गाडी, ते महत्त्वाचं.

हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडीही चालवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये हे सांगितलं आणि २०२४ मध्ये घटनापीठाने ते कायम ठेवलं. म्हणजे टेम्पोचं काम त्याच परवान्यावर करता येतं. पण टेम्पोवर माणसं खूप आहेत आणि भाडं कमी आहे. पुढची पायरी जड वाहनाची. त्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो आणि वय किमान वीस. आठवी पास असण्याची अट २०१९ मध्ये काढून टाकली. न्हावा-शेव्याला रात्रंदिवस कंटेनर ट्रेलर लागतात आणि ट्रेलर मागे घेऊन डॉकला लावता येणारा चालक वाहतूकदार सोडत नाहीत.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे धोकादायक मालाची वाहतूक: रसायनांचे टँकर, गॅस, ज्वलनशील द्रव. या चालकाला तीन दिवसांचं खास प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. ती तीन वर्षं चालते, नूतनीकरणाला एक दिवसाचा उजळणी वर्ग. एक भारतीय भाषा आणि इंग्रजी वाचता-लिहिता यावी अशी अट आहे, कारण टँकरवरच्या धोक्याच्या सूचना वाचता आल्या पाहिजेत. एवढं छोटं प्रशिक्षण, पण ते नसलेला चालक तळोज्याच्या कारखान्यात टँकर नेऊ शकत नाही. या कामात धोका आहे आणि तो पत्करण्याआधी घरच्यांशी बोलायला हवं. पण डिग्री नसलेल्या माणसाला कमी वेळात वरच्या पगाराकडे नेणाऱ्या मोजक्या वाटांपैकी ही एक आहे.

डिलिव्हरीचं काय? नोकरी गेल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मुलं बाइक घेऊन बाहेर पडतात. पडावं, घर चालवायचं असतं. पण हिशेब पूर्ण मांडावा. समजा दिवसाला ९०० रुपये मिळाले आणि गाडी १०० किलोमीटर फिरली. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर, म्हणजे सव्वादोनशे-अडीचशे तिथे गेले. टायर, चेन सेट, ऑइल, ब्रेक, सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला रुपया धरला तरी शंभर. गाडीचा महिन्याचा हप्ता ३,००० असेल तर रोजचे सव्वाशेच्या आसपास. हातात साडेचारशे उरतात. सव्वीस दिवसांचे बारा हजारही होत नाहीत आणि त्यात पीएफ नाही, ईएसआय नाही, पाऊस आणि घोडबंदरचा ट्रॅफिक आहे. ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या नोंदणीचं) काढा. वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना बँकेतून सुरू करा. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगारांना (अॅपवर डिलिव्हरीसारखी कामं करणाऱ्यांना) जागा मिळाली आहे, कंपन्यांनी त्यांच्या निधीत उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग भरायचा आहे. पण या कामाला स्वतःशी एक मुदत घाला. संध्याकाळी डिलिव्हरी आणि सकाळी आयटीआय असं जुळवलेली मुलं मी पाहिलीत, ती सुटली. इन्सेंटिव्हच्या मागे बारा-बारा तास फिरणाऱ्यांना शिकायला वेळच उरला नाही.

दोन वर्षं शिकायला घर थांबेल का

हा खरा प्रश्न आणि याचं एकच उत्तर नाही. ज्याच्यावर घराचा हप्ता नाही आणि जो आई-वडिलांकडे राहतो, त्याने आयटीआयला जावं. आयटीआयच्या प्रवेशाला वरची वयोमर्यादा नाही, अर्ज व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर होतात आणि सरकारी आयटीआयची फी खासगी क्लासच्या मानाने अगदी कमी असते. पंचविशीत पोरांबरोबर वर्गात बसायला लाज वाटते असं कुणी म्हणालं तर मी त्याला सांगतो, दोन वर्षांनी तू तसाही सत्तावीसचा होणारच आहेस.

ज्याला पहिल्या महिन्यापासून पैसे हवेत, त्याच्यासाठी शिकाऊ उमेदवारी म्हणजे अप्रेंटिसशिप. १९६१ च्या कायद्याखाली कंपन्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन दहावीला ६,००० आणि बारावी किंवा आयटीआय झालेल्याला ७,००० असं ठरवलं गेलं. कंपनी याहून जास्त देऊ शकते, मोठ्या कंपन्या देतातही. आयटीआय नसलेल्यालाही यात जागा असते. जाण्याआधी दोन गोष्टी विचारा: करार अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवणार का आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा देता येणार का? या दोन्हीला "नाही" असेल तर ती शिकाऊ उमेदवारी नाही, स्वस्तातली मजुरी आहे. कायद्याने उमेदवार हा कामगार नसतो, त्यामुळे पीएफ-ईएसआय नाही आणि नंतर कायम करण्याची हमीही नाही. मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेतही बारावीला ६,००० आणि आयटीआयला ८,००० असं विद्यावेतन आहे, पण ते तात्पुरतं आहे, त्यातून नोकरी पक्की होईल असं धरून चालू नका.

आधीच सहा वर्षं सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणारं यंत्र) चालवलेला, पण आयटीआय नसलेला कामगार वेगळा. त्याला पुन्हा पहिल्यापासून शिकायची गरज नाही. कौशल्य विकास योजनेत पूर्वअनुभवाला प्रमाणपत्र देण्याची सोय आहे, ते घ्यावं. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे एक पायरी वर चढणं. ऑपरेटर जॉब (घडवायचा तुकडा) यंत्राला लावतो आणि सायकल स्टार्ट दाबतो. सेटर ड्रॉइंग वाचतो, टूलचा ऑफसेट (मापातली दुरुस्ती) घेतो, पहिला जॉब काढून मायक्रोमीटरवर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत माप तपासतो, इन्सर्ट (टूलची कापणारी धार) झिजला की ऑफसेट बदलतो. प्रोग्रामर त्याच्याही पुढचा. कपात होते तेव्हा ऑपरेटर आधी जातात, सेटर शेवटपर्यंत राहतो आणि बाहेरही त्यालाच आधी बोलावतात. नोकरीचे दोन-तीन महिने उरले असतील तर ते जवळच्या सेटरच्या शेजारी उभं राहून वापरा, जेवणाच्या सुट्टीतसुद्धा.

कुणाला पैसे द्यायचे नाहीत

विमानतळाचं नाव पुढे करून सध्या भरपूर क्लास निघालेत. ग्राउंड स्टाफ, केबिन क्रू, "शंभर टक्के नोकरी". हजारो रुपये फी आणि शेवटी जी नोकरी लागते ती सामान चढवण्या-उतरवण्याची, जिच्यासाठी तो कोर्स लागतच नव्हता. विमानतळाच्या आत काम करायला पोलिस पडताळणी आणि प्रवेश पास लागतो, तो नोकरी देणारी कंपनी काढते, क्लास काढू शकत नाही. गणवेशाचे, पासचे, डिपॉझिटचे पैसे नोकरी देण्याआधी कुणी मागितले तर तिथून उठा.

सिक्युरिटीत जायचंच असेल तर खासगी एजन्सीकडे धावण्याआधी बृहन्मुंबई व ठाणे जिल्ह्याच्या सुरक्षा रक्षक मंडळाची चौकशी करा. १९८१ च्या कायद्याखालचं हे मंडळ आहे, तिथल्या नोंदणीकृत रक्षकाला पीएफ, बोनस, रजा नियमाने मिळते. वाशीच्या बाजारात हमालीचं काम १९६९ च्या माथाडी कायद्याने बांधलेलं आहे. नोंदीत माथाडी आणि रोजंदारीवरचा मजूर यांच्या आयुष्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पोलिस भरतीची तयारी खूप जण करतात. बारावी पास, खुल्या गटाला वय २८ पर्यंत, मागासवर्गीयांना ३३ पर्यंत, मैदानात मुलांना १,६०० मीटर धावणं. मनापासून करायचं तर करा, पण भरती कधी निघेल ते आपल्या हातात नसतं, म्हणून हाताशी दुसरं काम चालू ठेवा.

कर्ज काढून धंदा टाकायचा विचार असेल तर मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात १५ ते ३५ टक्के अनुदान आहे, मुद्रा कर्जात शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतं. तरी ज्या कामाचा धंदा काढायचाय त्या कामात दुसऱ्याकडे एक वर्ष तरी काढल्याशिवाय कर्ज घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. कपातीचे पैसे हातात आल्या आल्या दुकानाच्या डिपॉझिटमध्ये घालणं सगळ्यात धोक्याचं.

दहावी राहिलेल्यांसाठी

दहावी नापास किंवा आठवी-नववीला शाळा सुटलेल्यांसाठी आयटीआयचे काही अभ्यासक्रम दहावी न होताही खुले असतात, संधाता म्हणजे वेल्डर हा त्यातला एक, एका वर्षाचा. चांगल्या वेल्डरला तळोज्यात आणि उरणला पाइपलाइनचं काम मिळतं, पण तेही चाचणी देऊनच.

त्याच्याबरोबर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्या. फॉर्म पावसाळ्यात सुटतात, परीक्षा फेब्रुवारी-मार्चला. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की दोन भाषांचे पेपर देऊन बारावीची समकक्षता मिळते आणि पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. बारावी झालेल्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून नोकरी करत पदवी घेता येते. १७ नंबरच्या फॉर्मसाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो. गावाकडच्या शाळेतला असेल तर गणपतीत गावी जाल तेव्हाच तो काढून आणा.